लोकल चॅनल, अण्णा आणि मी : कामाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून सुरू. सकाळी साडेनऊ ते दीड टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात नेहमीचं जीएसटीचं काम आणि तीननंतर कोल्हापूरच्या लोकल टीव्ही चॅनलवर काम शिकायला, असं दोन्हीकडे बोलून ठरवलंय. ऑफिसच्या सरांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत अर्ध्या दिवसाची सवलत दिलीय, मार्च एंडिंगला मात्र पूर्णवेळ पाहिजे म्हणाले, म्हणजे तोवर मला स्वतःला कळलं पाहिजे की टीव्हीचं काम नुसतं आवडतंय की त्यावर आयुष्य काढायचंय. त्यासाठीच या नोंदी ठेवतेय, जे शिकेन ते लगेच लिहायचं, नंतर आठवून लिहिलं की सगळं गोड वाटतं.

चॅनल म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. एक स्टुडिओ, हिरवा पडदा आणि अँकरचं टेबल मावेल एवढा. शेजारी पीसीआर, म्हणजे कंट्रोल रूम, तिथे व्हिजन मिक्सर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जायचं ते निवडायचं मशीन), साउंड मिक्सर आणि टिकर, म्हणजे स्क्रीनखाली सरकणारी पट्टी, चालवणारा कॉम्प्युटर. दोन एडिट मशीन. चौथ्या खोलीत सर्व्हरची रॅक, तिथला एसी कधी बंद होत नाही. एवढ्यावर रोज संध्याकाळी कोल्हापूरचं अर्ध्या तासाचं बुलेटिन निघतं आणि घराघरात जेवणाच्या वेळेला लागतं. आमच्या घरीही लागतं, आई तर बुलेटिन झाल्याशिवाय भाकऱ्या करायला उठत नाही.

अण्णा इथले सगळ्यात जुने कॅमेरामन. लग्नाच्या शूटिंगपासून सुरुवात केली, खांद्यावरचा पॅनासॉनिक एम ९०००, मग सोनीचा पीडी १७०, आता एनएक्स १००, म्हणजे व्हीएचएस कॅसेटपासून मेमरी कार्डापर्यंत सगळं एकाच खांद्याने बघितलेला माणूस. मला वाटलं पहिल्या दिवशी कॅमेरा हातात देतील. त्यांनी हेडफोन दिला. म्हणाले, "आठ-पंधरा दिस हेच कानात घालून फिर. कॅमेरा कुठं पळून जात न्हाई."

जाताना विचारलं, खरी कॉर्नरचा कॅमेऱ्याचा स्तंभ बघितलायस का. रोज तिथून जाते, बघितलाय म्हटलं. "नीट बघ. बाबूराव पेंटरांनी इथंच स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, १९१८ च्या आसपास, आणि त्याच्यावर १९२० ला सैरंध्री काढला. आपल्याला जमतंय म्हणून." घरी येताना गाडी थांबवून बघितला.

९ जानेवारी

महापालिकेच्या एका प्रभागातल्या पाण्याच्या मोर्चाला गेलो. मी फक्त साउंडवर. बायका घागरी घेऊन आलेल्या, घोषणा, मागे रिक्षाचे हॉर्न. शिकलेलं लगेच लिहून ठेवते:

बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर कुणी बोलतं ते, घेताना आवाजाचा मीटर साधारण वजा बाराच्या आसपास उड्या मारायला पाहिजे, शून्याला टेकला की आवाज फाटला आणि फाटलेला आवाज एडिटवर कुणीही शिवू शकत नाही. चित्र थोडं डार्क आलं तर उजळता येतं, हललं तर दुसरा शॉट लावता येतो, आवाज गेला की बाईट गेला. लेपल माईक, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माईक, कॉलरला नाही, छातीच्या मध्यावर, आणि साडी असेल तर पदराच्या घासण्यापासून लांब, बाईंना स्वतःलाच लावायला द्यायचा, आपण हात लावायचा नाही. गन माईकला, म्हणजे लांब नळीसारख्या माईकला, केबलमधून मिळणारा ४८ व्होल्टचा फॅंटम पॉवर सुरू आहे का ते निघायच्या आधी बघायचं. आणि प्रत्येक ठिकाणी कुणी बोलत नसताना अर्धा मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करायचा. हा अर्धा मिनिट अण्णा कधीच सोडत नाहीत. मोर्चा संपून बायका घागरी उचलून निघाल्या तेव्हाही ते हात वर करून सगळ्यांना गप्प करत उभे होते आणि मला हेडफोनमध्ये रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज इतका स्पष्ट आला की संध्याकाळी बुलेटिनमध्ये त्या आवाजावरच स्टोरी उघडली. व्हीओ, म्हणजे चित्रावर वाचलेलं निवेदन, नंतर आला.

मी ही बातमी घरी बसून बघितली असती तर मला वाटलं असतं चांगलं एडिट केलंय. ते एडिट नव्हतंच, ते तिथं उभं राहणं होतं.

१५ जानेवारी

हा आठवडा डेस्कवर. रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा क्रम, कसा लागतो, कुठली स्टोरी पॅकेज (पूर्ण तयार तुकडा), कुठली अँकर-बाईट, कुठली नुसती एव्ही (चित्रावर अँकरचं वाचन), फोनो (फोनवरचं बोलणं) कधी घ्यायचा, हे सगळं बुलेटिन प्रोड्यूसर ताईंनी शिकवलं. त्या फार कमी बोलतात पण रनडाऊनकडे बघून सांगतात की आठव्या मिनिटाला लोक चॅनल बदलणार, तिथं काहीतरी पेठेतलं टाक.

एस्टनचं काम माझ्याकडे आलंय, म्हणजे बाईट चालू असताना खाली जी नावाची पट्टी येते ती. इथला नियम असा की बाईट देणाऱ्याने स्वतःच्या हाताने वहीत नाव लिहायचं, आपण ऐकून लिहायचं नाही. कोल्हापुरात पोवार वेगळे आणि पवार वेगळे, चौगुले वेगळे आणि चौगले वेगळे. मोठ्या चॅनलवर एखाद्याचं नाव चुकलं तर तो माणूस काय करणार, मुंबईला थोडाच जाणार आहे. इथं तो दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाताना शेजारच्या बाकावर असतो. आणि भीतीपोटी नव्हे तर खरंच, एखाद्या माणसाचं नाव आयुष्यात एकदाच टीव्हीवर येणार असेल तर ते त्याच्या हातचंच असावं. या वहीची मला आता सवय झालीय, पर्समध्येच असते.

२२ जानेवारी

सर्व्हरच्या खोलीत आठवडाभर आर्काइव्ह लावण्याचं काम. ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं फुटेज फोल्डरवार लावायचं, प्रत्येक क्लिपला टाइमकोड, जागा, तारीख, कोण बोलतंय हे लिहायचं. काम किचकट आहे असं आधीच सांगितलं होतं. मला तर उठवत नव्हतं.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं. त्या वर्षी ५५ च्या वर गेली, आणि २०२१ ला ५६ च्या वर. फुटेजमध्ये टिकर तसाच दिसतो, दर तासाला आकडा बदलतोय. शिरोलीजवळ हायवे बंद, चिखली आणि आंबेवाडीतून बोटीने लोक बाहेर काढतायत, एका क्लिपमध्ये एक आजी बोटीतून उतरल्या आणि कॅमेऱ्याकडे न बघता आधी बोटीत मागे राहिलेली शेळी घ्यायला वळल्या, कॅमेरामनने शॉट कापला नाही, ती शेळी उतरेपर्यंत धरून ठेवलाय. कोणी शूट केलंय ते क्लिपच्या नावावरून कळलं. अण्णाच.

संध्याकाळी त्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही काय काय केलं. म्हणाले लाइट नव्हती तिथं टीव्ही पण बंद, पण ज्या भागात लाइट होती तिथले लोक आपल्या पाहुण्यांना फोन करून आकडा सांगायचे. "टिकरवर चाळीस लिहायचं आणि एक्केचाळीस लिहायचं ह्यात एका घराचं सामान वर चढवायचं का न्हाई ते ठरत हुतं. म्हणून आकडा दोन ठिकाणी विचारल्याशिवाय टाकला न्हाई. उशीर झाला तर होऊ दे."

ऑफिसात मी दिवसभर आकडेच टाकते. तिथंही चूक चालत नाही, पण तिथला आकडा कुणाच्या माळ्यावर धान्याची पोती चढवत नाही. रात्री झोप लागली नाही नीट, डोक्यात तेच.

३१ जानेवारी

किरणोत्सव. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये ९, १०, ११ आणि आत्ता ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर-छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुख, असं मानतात, पण हवेतला दमटपणा, धूळ, ढग, मार्गात आलेल्या इमारती, कशानेही किरणं अडतात. म्हणून तर दर वेळी सगळं शहर श्वास रोखून बसतं.

आमच्यासाठी हे एक्सपोजरचं सगळ्यात अवघड काम. आतले दिवे त्या वेळी बंद करतात. अंधारात काळा दगड, आणि त्यात उन्हाची एक पट्टी सरकत येणार. कॅमेरा ऑटोवर असेल तर पट्टी आली की आयरिस, म्हणजे उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र, आपोआप बंद होणार आणि मूर्ती पूर्ण काळी पडणार, पट्टी नसेल तेव्हा उघडून सगळा अंधार खरखरीत करणार. सगळं मॅन्युअल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने पांढरा कशाला धरायचं ते, पण लॉक, कारण मावळतीच्या उन्हाचा तांबूस रंग कॅमेऱ्याला "चूक" वाटतो आणि तो बिचारा दुरुस्त करून पांढरा करून टाकतो, मग तो किरणोत्सव राहत नाही, ट्यूबलाइट होते. अण्णांनी आधीच ५६०० वर ठेवला आणि परत हात लावला नाही.

मी बाहेर स्क्रीनसमोरच्या गर्दीत, दुसऱ्या कॅमेऱ्यावर. हो, आज पहिल्यांदा कॅमेरा माझ्याकडे होता. टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या हेडसेटवर, किरणं कुठवर आली ते आतून सांगत होते: कासव चौक... पितळी उंबरा... चांदीचा उंबरा. मला सूचना एवढीच होती की स्क्रीन दाखवू नको, बघणाऱ्यांचे चेहरे दाखव, आणि एक चेहरा धरलास की सोडू नको. नऊवारीतल्या एक आजी पुढेच होत्या, हात जोडलेले, ओठ हलतायत. फोकस त्यांच्या डोळ्यांवर ठेवला. स्क्रीनचा उजेड चेहऱ्यावर पडत होता आणि किरणं चरणांपाशी पोचली तेव्हा आजूबाजूला सगळीकडे घोष झाला, त्या मात्र गप्प. माझ्या हाताखाली ट्रायपॉडचं हँडल गरम झालेलं, पण हललं नाही. पीसीआरमधून ताई म्हणाल्या, "दोनवर आहे, दोनवरच राहू दे." लाल टॅली लाइट पेटलेला, म्हणजे माझंच चित्र बाहेर जात होतं. तो किती वेळ पेटला होता सांगता येत नाही, लाइव्हमध्ये मला वाटलं त्यापेक्षा कमीच असेल.

रात्री आई म्हणाली त्या आजींना बघून मला रडू आलं. तिला माहीत नव्हतं कॅमेरा कुणाचा होता. मी लगेच सांगितलं, कशाला लपवू.

८ फेब्रुवारी

आज पैशाचं बोलणं. हे लिहिणं गरजेचं आहे कारण जे कुणी या कामाचा विचार करतंय त्याला हे कुणी सांगत नाही.

लोकल चॅनल चालतं जाहिरातीवर. सराफ, साड्यांची दुकानं, क्लासेस, हॉस्पिटलं, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. निवडणुकीच्या काळात चांगले दिवस, पावसाळ्यात ओढाताण. सुरुवातीचा पगार टॅक्स ऑफिसपेक्षा कमीच आहे, वेळ जास्त आहे, रविवार असा नसतोच कारण मॅच, यात्रा, लग्नसराई सगळं रविवारीच. पूर्वी केबलवाल्याला वाटलं तर तो चॅनल सुरू करायचा. २०११ च्या कायदा दुरुस्तीनंतर टप्प्याटप्प्याने सेट टॉप बॉक्स आले आणि हिशोब बदलला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने या स्थानिक चॅनलांसाठी नियम आणले, सरकारी भाषेत यांना प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. केबल कंपनीच्या एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच असे चॅनल, स्थानिक बातम्या दाखवायच्या असतील तर कंपनी म्हणून नोंदणी पाहिजे, आणि दाखवलेलं सगळं ९० दिवस जपून ठेवायचं. रॅकमध्ये हार्ड डिस्कची रांग का आहे ते आज कळलं. कंपनीची कागदं लावताना ताईंना माझा उपयोग झाला, जीएसटी आणि टीडीएसचं मला येतंच, त्यामुळे हे दोन जन्म एकमेकांपासून अगदीच तुटलेले नाहीत असं वाटलं.

मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, मराठी टीव्हीला पन्नास वर्षं होऊन गेली, पण माझ्या गल्लीतलं काही टीव्हीवर दिसणं हे केबलमुळेच झालं. आता सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे, रील आहेत, तरी कुणीतरी महापालिकेच्या सभेत चार तास बसून शेवटच्या वीस मिनिटांत काय ठराव झाला ते आणायला पाहिजे. ते रीलवाला करणार नाही, त्याला परवडत नाही. हे मला मनापासून वाटतं, आणि पगार कमी आहे हेही खरं आहे, दोन्ही एकाच वेळी.

१६ फेब्रुवारी

शाहू स्टेडियम, फुटबॉल लाइव्ह. ज्याने कोल्हापूरचा फुटबॉल बघितला नाही त्याला सांगून समजणार नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल, हे संघ म्हणजे तालमी आणि पेठा, आजोबा ज्या तालमीचे नातू त्याच तालमीचा. मॅचच्या दिवशी दुकानातल्या टीव्हीपुढे गर्दी असते.

चार कॅमेरे, सगळे मैदानाच्या एकाच बाजूला. एक जरी पलीकडे लावला तर डावीकडून उजवीकडे पळणारा संघ कट मारताच उजवीकडून डावीकडे पळायला लागेल आणि बघणाऱ्याला गोल कुठला तेच कळणार नाही. एक नंबर वाइड, तो बॉलबरोबर. दोन नंबर टाइट. तीन गोलपोस्टच्या मागे कोपऱ्यात. चार खाली, बदली खेळाडू आणि कोच. एचडीला एसडीआय केबल, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र व्हॅनपर्यंत नेणारी, साधारण शंभर मीटरपर्यंत चालते, त्यापुढे सिग्नलवर भरवसा नाही, म्हणून व्हॅन कुठं उभी करायची तेही केबलवरून ठरतं, पार्किंगवरून नाही. मी दुपारभर केबल टाकल्या, जिथे लोक चालणार तिथे चिकटपट्टी, आणि प्रत्येक टोकाला नंबर.

मॅचला मी व्हॅनमधल्या पीसीआरमध्ये, अण्णांच्या मागे, स्कोअर आणि वेळेच्या ग्राफिकवर. अण्णा डायरेक्टर. त्यांचं बोलणं पूर्ण बदलतं तिथे. "दोन तयार... दोन घे. एकवर ये. तीन, बॉल बघू नको, गोलकीपर बघ." आवाज एकदा पण चढला नाही.

दुसऱ्या हाफमध्ये प्रेक्षकांत ढकलाढकली झाली. बाटल्या उडाल्या. चार नंबरचा कॅमेरामन लगेच तिकडे वळला, मॉनिटरवर शॉट एकदम जोरदार दिसत होता, खरंतर कुणीही घेतला असता. अण्णा म्हणाले, "चार, खाली ये. रेकॉर्ड ठेव, पण मी घेत न्हाई." आणि वाइडवर राहिले, कॉमेंट्री करणाऱ्याला कानात सांगितलं की खेळ थांबलाय, पंच बोलतायत, एवढंच बोल. नंतर व्हॅनमध्ये विचारलं, बातमी नव्हती का ती? म्हणाले, "बातमी हाय, रात्री बुलेटिनला दाखवू, पोलीस काय म्हणतात त्याच्यासकट. पण लाइव्ह दाखवलं तर घरात बसलेली दुसऱ्या पेठेतली पोरं दहा मिनिटांत गाडीवर बसून इथं येत्यात. मी बघितलंय."

मला पटलं. आधी एक मिनिट नाही पटलं, लपवतोय असं वाटलं, पण रात्री बुलेटिनला ते फुटेज खरंच चाललं, पूर्ण, कुणाला वाचवायला कापलं नाही. मग पटलं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. सकाळी सहापासून पेठांमधून ज्योती, पाळणे, मर्दानी खेळ. पाय दुखतायत. लाठी-पट्टा फिरवणाऱ्या मुलीचा शॉट खालून घेतला तो प्रोमोला लागला. एवढंच लिहिते.

२५ फेब्रुवारी

अण्णांनी विचारलं, स्वतःचा एक कार्यक्रम करतीस का, बारा मिनिटांचा. विषय तूच आण. मी गुऱ्हाळ म्हटलं. माझं आजोळ करवीर तालुक्यात, लहानपणी काकवी पितच मोठी झाले, आणि आता एकेक करून गुऱ्हाळं बंद पडताना बघतेय, ऊस सरळ कारखान्याला जातो. कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तरी.

आज रेकी, म्हणजे शूटिंगआधी जागा बघणं. ही माझी स्वतःची यादी: चुलवाण खाली, काहील (रस उकळायची मोठी कढई) वर, वाफ प्रचंड. थंड कॅमेरा आत नेला की लेन्सवर दव धरणार, म्हणून कॅमेरा आधीच अर्धा तास आत ठेवून गरम होऊ द्यायचा. आत एलईडी ट्यूब, आपल्याकडे करंट ५० हर्ट्झचा, म्हणून २५ फ्रेमला शटर एक पन्नासांश, नाहीतर चित्र फडफडणार. वाफेत मागून उजेड येईल अशी जागा धरायची, पुढून लाइट मारली की नुसती पांढरी भिंत दिसणार. आणि सगळ्यात मोठा प्रश्न: गुळव्या मामा, म्हणजे गूळ शिजवणारे, उघड्या अंगाने काम करतात, लेपल लावायचा कुठे?

१ मार्च

पहाटे चारला निघालो. लेपलचा प्रश्न अण्णांनी सोडवला नाही, मला सोडवायला लावला. गन माईक बांबूच्या काठीला बांधून वरच्या आडव्या वाशावरून खाली सोडला, वाफेच्या झोतापासून हातभर बाजूला. आवाज इतका चांगला आला की उकळी आणि मामांचं बोलणं दोन्ही वेगवेगळं ऐकू येत होतं.

मामा काहील चढलेली असताना बोलत नाहीत. विचारलंच नाही. फक्त शूट केलं. रस तापला की काळपट मळी वर येते. भेंडीच्या खोडाचा चिकट रस टाकला की ती एकत्र होते, मग झाऱ्याने काढत राहायची. चुन्याची निवळी बेताची. फेस वर चढला की तेलाचे चार थेंब. खाली जाळ घालणारा मुलगा वाळलेलं चिपाड सरकवतोय, मामा वरून नुसती मान हलवतात आणि जाळ कमी होतो. आणि मी हेडफोन घालून उभी असल्यामुळे मला जे ऐकू आलं ते सांगते: आधी सळसळ असते, मग फसफस, मग शेवटी शेवटी बुडबुडे मोठे आणि जड होतात आणि बदबद असा दमदार आवाज यायला लागतो. पुस्तकात ११८ अंशांच्या आसपास असं लिहिलेलं असतं. मामांकडे थर्मामीटर नाही. त्यांनी तो आवाज बदलल्यावर मगच थेंबभर पाक थंड पाण्यात टाकला, बोटांत गोळी वळली, ताटलीवर टाकून बघितली, आणि "उतरा" म्हणाले. पाच-सहा जण धावले. वाफ्यात ओतलं तेव्हा सगळी खोली सोनेरी झाली.

बाईट नंतर, चहा घेताना. मी फक्त विचारलं, मामा, तुम्ही कानाने ओळखता ना? ते बघतच राहिले माझ्याकडे. म्हणाले, "आजवर सगळ्यांनी विचारलं रंग कसा ओळखता. कुणी आवाजाचं विचारलं न्हवतं." मग अर्धा तास बोलले. पूर्वी ३० किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, जायचे, आता १० किलो, १ किलो, गिऱ्हाइकाला लहान पाहिजे. पोरगा शिकलाय, यायचा नाही या कामात, आणि त्यांना त्याचं वाईट वाटतं की बरं वाटतं हे त्यांनाच अजून ठरवता आलं नाही.

परत येताना गाडीत अण्णांनी एवढंच विचारलं, अर्धा मिनिट नुसता आवाज घेतलास का. घेतला होता, काहील रिकामी झाल्यावरचा.

टॅक्स ऑफिसला आज सांगून टाकलं. मार्च एंडिंग पूर्ण करून देते, रात्री बसून करेन, पण एप्रिलपासून येणार नाही. सर रागावले नाहीत. म्हणाले रिटर्न भरायला तरी येशील ना आमच्याकडेच. पप्पा माझ्याशी बोलले नाहीत, हेही लिहून ठेवते.

१३ मार्च

एडिट. पहिला कट १९ मिनिटांचा. अण्णांनी मॉनिटर बंद केला, म्हणाले आता ऐक. पूर्ण कार्यक्रम अंधारात ऐकला. लगेच कळलं कुठे माझा व्हीओ मामांच्या आवाजावर चढून बसलाय. "ही पारंपरिक प्रक्रिया अत्यंत कष्टाची असते" असं मी लिहिलं होतं आणि खाली पाच माणसं काहील उतरवताना हुंकारतायत. ते वाक्य गेलं. गुळाच्या इतिहासाचा तुकडा गेला, तो मला आवडत होता. मार्केट यार्डातल्या सौद्याचा शॉट ठेवला पण निम्मा केला. उकळीचे तीन आवाज क्रमाने लावले, वर एक शब्द नाही, सगळं मिळून सव्वा मिनिट. ताई म्हणाल्या सव्वा मिनिट न बोलता लोक थांबणार नाहीत. अण्णा म्हणाले थांबतील. त्यांची बरीच चर्चा झाली यावर, आणि दोघांचं म्हणणं मला बरोबर वाटत होतं. शेवटी एक मिनिटावर तोडगा निघाला.

एस्टनवर नाव मामांनी स्वतः वहीत लिहिलं तसंच, आडनावासकट. पदाच्या जागी मी "गुऱ्हाळ कामगार" टाकलं होतं, त्यांना फोन करून विचारलं काय टाकू, ते म्हणाले गुळव्या टाक की. गुळव्या टाकलं.

२२ मार्च

लागला. रात्री साडेआठला. चॅनलवर बसूनच बघितला, पीसीआरमध्ये, कारण फोन तिथेच येतात. पहिला फोन मामांच्या सुनेचा, म्हणाली घरातले सगळे आणि शेजारचे मिळून बसलोय, मामांनी टीव्हीचा आवाज मोठा करायला लावला. मग दोन फोन गूळ कुठं मिळतो विचारायला, नंबर दिले नाहीत, त्यांना विचारून देतो म्हटलं. एक फोन उसाच्या दराबद्दल तुम्ही काहीच का बोलला नाहीत म्हणून, जरा रागातच, आणि तो मुद्दा खरा आहे, बारा मिनिटांत मावला नाही पण वेगळा करायला पाहिजे. वहीत लिहून घेतलाय, त्या काकांचा नंबरही, त्यांच्याकडे गेल्या काही वर्षांच्या पावत्या आहेत म्हणाले.

अण्णा बघून झाल्यावर उठले, म्हणाले तिसऱ्या मिनिटाला एक कट दोन फ्रेम लवकर मारलायस. मी परत लावून बघितलं. मारलाय.

२८ मार्च

१ एप्रिलपासून असिस्टंट प्रोड्यूसर म्हणून कागद मिळाला. पगार लिहिण्यासारखा नाही पण सहा महिन्यांनी परत बोलू असं लिहून घेतलंय, ते मी माझ्या जुन्या ऑफिसच्या सवयीने तारखेसकट घेतलं.

पुढचं काम जोतिबाची चैत्र यात्रा. आज बैठक झाली, माझ्याकडे तीन नंबर कॅमेरा आणि सासनकाठ्यांचा, म्हणजे यात्रेत नाचवायच्या उंच काठ्यांचा, मार्ग. करायच्या गोष्टी: गुलाल बारीक असतो, लेन्सच्या रिंगमध्ये आणि कॅमेऱ्याच्या पंख्यात जातो, म्हणून कॅमेऱ्याला पूर्ण प्लास्टिक, फक्त लेन्स उघडी, तिच्यावर साधा यूव्ही फिल्टर जो खराब झाला तरी चालेल असा. ब्लोअर, ब्रश, ओलं कापड अजिबात नाही. डोंगरावर गर्दीत मोबाईल नेटवर्क बसतं, म्हणून लाइव्हची फीड दोन कंपन्यांच्या सिमवर आणि एक बॅकअप. बॅटऱ्या आदल्या रात्री. सासनकाठी नाचवणाऱ्या गावांची नावं मानाच्या क्रमाने देवस्थानकडून लेखी आणायची, ऐकीव नको. माईकला फरचं कव्हर, वर वारा असतो. ढोल-पिपाणीचा आवाज जवळून फाटतो, त्यामुळे गन माईक मागे आणि इनपुट कमी. आणि ताईंना विचारायचं राहिलंय की ऊसदराच्या स्टोरीसाठी एप्रिलमध्ये दोन दिवस गाडी मिळेल का, उद्या सकाळी पहिलं तेच.